‘काकू, एखादी छान लव्हस्टोरी द्या ना’: किशोर वाचकांना परीकथांची पुनर्कथनं आणि प्रेमकथा कशा सुचवायच्या

शनिवारची सकाळची शाळा सुटली की साताऱ्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात मुलं दप्तरासकट येतात. सातवी ते दहावीतली. त्यांतली एखादी काउंटरशी रेंगाळते, मागची माणसं जाईपर्यंत थांबते आणि हळूच विचारते, ‘काकू, एखादी छान लव्हस्टोरी आहे का? राजकन्येची वगैरे असली तरी चालेल.’

या प्रश्नाला मोठ्यांकडून मी तीन उत्तरं ऐकत आले आहे. पहिलं, ‘आधी अभ्यास कर.’ दुसरं, पहिलीच्या मुलांसाठी असलेली मोठ्या टायपातली रंगीत परीकथा हातात ठेवणं. तिसरं, ‘ही वाच, ज्ञानपीठवाली आहे’ म्हणून कपाटातली जाडजूड कादंबरी काढून देणं. तिन्हींनंतर ती मुलगी पुन्हा विचारायला येत नाही. मोबाइलवर भागाभागांनी येणाऱ्या प्रेमकथा ती एकटीच वाचत बसते आणि त्यातलं काय खटकलं हे बोलायला तिला कुणी उरत नाही.

शिक्षक, ग्रंथपाल, सोसायटीत पुस्तकपेटी चालवणारी मंडळी आणि घरात वाचणारं मूल असलेले आईबाबा, या सगळ्यांकडून होणारी चूक एकच आहे. पुस्तक आधी ठरतं आणि मूल नंतर त्यात बसवलं जातं. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या.

१. तयारी: मुलं येण्याआधी

पहिलं काम तुमच्या स्वतःच्या वाचनाचं. सिंड्रेला, हिमगौरी, झोपलेली राजकन्या, बेडूक राजपुत्र, जलपरी, आणि ‘ब्युटी अँड द बीस्ट’ म्हणजे सुंदरी आणि राक्षस, या सहा गोष्टी त्यांच्या जुन्या रूपात एकदा वाचून घ्या. चित्रपट पाहिलेला असणं पुरत नाही. आजची बहुतेक पुनर्कथनं याच गोष्टींवर उभी आहेत आणि लेखकाने कुठलं रूप उचललं यावर पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं ते ठरतं.

सिंड्रेलाची भोपळ्याची गाडी आणि काचेचा बूट शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७च्या संग्रहातला. तिथे ती शेवटी सावत्र बहिणींना माफ करते. ग्रिमबंधूंच्या जर्मन संग्रहात (पहिला खंड १८१२) भोपळा नाही. आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड तिला कपडे देतं, बूट बसावा म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच कापते, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये कबुतरं त्या दोघींचे डोळे फोडतात. ग्रिमांची हिमगौरी सात वर्षांची आहे. ती चुंबनाने जागी होत नाही, शवपेटी नेताना धक्का बसतो आणि घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो. त्यांच्या बेडूक राजपुत्राला राजकन्या रागाने भिंतीवर आपटते, तेव्हा तो माणूस होतो. झोपलेल्या राजकन्येच्या सतराव्या शतकातल्या इटालियन रूपात, बासिलेच्या संग्रहात, राजा ती बेशुद्ध असतानाच तिच्यावर बळजबरी करतो आणि तिला जुळी मुलं होतात. अँडरसन या डॅनिश लेखकाच्या १८३७च्या जलपरीची जीभ कापली जाते, प्रत्येक पाऊल सुऱ्यांवर पडल्यासारखं दुखतं, आणि राजपुत्र लग्न दुसरीशीच करतो.

हे सगळं तुमच्यापुरतं आहे. मलपृष्ठावर ‘मूळ कथेशी प्रामाणिक’ असं छापलेलं दिसलं की ‘कुठल्या मूळ कथेशी?’ हा प्रश्न तुम्हाला चटकन पडायला हवा.

याच बरोबर श्रावणातल्या कहाण्या पुन्हा वाचा. सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीतली नावडती सून आठवा: जेवायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात आणि तिचं नशीब पालटतं. आठवीतल्या मुलीला सिंड्रेला समजावताना मला या नावडतीइतकी मदत कुठल्याच प्रस्तावनेची झाली नाही. आजीकडून ऐकलेली गोष्ट आणि परदेशातली गोष्ट शेजारी ठेवली की ‘पुनर्कथन’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी तयारी म्हणजे एक साधी दोनशे पानी वही. रकाने पाच: सभासद क्रमांक (नाव लिहू नका, वही कुणाच्याही हातात पडू शकते), आधी आवडलेलं पुस्तक, मागणी मुलाच्याच शब्दांत, तुम्ही दिलेली पुस्तकं, आणि परत करताना मूल काय म्हणालं. तिसरा रकाना जसाच्या तसा भरा. ‘रडायला येईल असं पण शेवटी चांगलं होईल असं’ हे वाक्य मी लिहून ठेवलं म्हणून मला आठवतं. ‘भावनाप्रधान’ असं लिहिलं असतं तर दोन महिन्यांनी त्याचा काही उपयोग झाला नसता.

तपासा: किशोर-कपाटातली प्रेमकथा तुम्ही स्वतः वाचली आहे का? नसेल तर ती तूर्त मागच्या टेबलावर ठेवा. कुणी घर बदलताना भेट दिलेल्या खोक्यांनाही हाच नियम लावा.

२. मागणी ऐका, वय विचारू नका

वय आणि इयत्ता तुम्हाला सभासद-अर्जावर दिसतेच. काउंटरवर ‘कितवीत आहेस गं?’ असा प्रश्न आला की मुलाला पुढचं वाक्य आधीच ऐकू येतं. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा, त्याही गर्दी नसताना.

अलीकडे कुठलं पुस्तक (किंवा मालिका, किंवा सिनेमा) संपूच नये असं वाटलं? त्यातलं कोण आवडलं? आणि आता वाचताना काय व्हायला हवं: हसू, भीती, रडू, धडधड?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत कामाचं. ‘नायिका आवडली, ती कुणाचं ऐकत नाही’ म्हणणारी मुलगी आणि ‘तो तिच्यासाठी सगळं सोडतो ते आवडलं’ म्हणणारी मुलगी, दोघीही ‘लव्हस्टोरी’ हाच शब्द वापरतात. पहिलीला शूर राजकन्येचं पुनर्कथन हवं आहे, त्यात प्रेम दुय्यम असलं तरी चालेल. दुसरीला प्रेमच मध्यभागी हवं. दोघींना एकच पुस्तक दिलं तर एक नक्की नाराज होणार.

मुलगे वेगळ्या वाटेने येतात. ‘युद्धाचं काही आहे का’ असं विचारतात, आणि वही पाहिली तर त्यांना आवडलेल्या प्रत्येक पुस्तकात एक नाजूक प्रेमकथा सापडते. त्यांना तसं दाखवून देऊ नका. फक्त पुढचं पुस्तक निवडताना लक्षात ठेवा. आणि ‘मुलींसाठी’ अशी पट्टी कपाटाला लावली असेल तर ती आजच काढा. त्या पट्टीमुळे निम्मी मुलं त्या कपाटापाशी जातच नाहीत.

सावधान: आई शेजारी उभी असताना मूल खरी मागणी सांगत नाही. अशा वेळी काहीतरी बरं पुस्तक देऊन पाठवा आणि ‘पुढच्या वेळी निवांत ये’ एवढंच म्हणा.

३. पुनर्कथन कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

कामापुरत्या चार जाती पुरतात.

पहिल्या जातीत गोष्ट तीच असते, फक्त पात्रांना मन मिळतं. सुंदरी आणि राक्षसाच्या गोष्टीवरची रॉबिन मॅकिन्ली यांची १९७८ची ‘ब्युटी’ अशी आहे. घटना ओळखीच्या आहेत, पण ती मुलगी काय वाचते, घोड्याला कशी सांभाळते, तिला बहिणींविषयी काय वाटतं, हे सगळं आपल्याला कळतं. शांत वाचणाऱ्या मुलांसाठी ही जात उत्तम.

दुसऱ्या जातीत मूळ गोष्टीतल्या एका अडचणीचं उत्तर शोधलेलं असतं. सिंड्रेला इतकं निमूट का ऐकते? गेल कार्सन लेव्हिन यांच्या १९९७च्या ‘एला एन्चान्टेड’मध्ये उत्तर असं आहे की जन्मतः मिळालेल्या एका ‘वरदाना’मुळे तिला कुणाचीही आज्ञा मोडताच येत नाही. ‘ऐक’ हा शब्द दिवसातून दहादा ऐकणाऱ्या सातवीतल्या मुलांना हे पुस्तक लगेच भिडतं. त्यातलं प्रेम मैत्रीतून, पत्रांतून वाढतं. मला विचाराल तर या वयाला पहिलं पुनर्कथन म्हणून हेच द्यावं.

तिसऱ्या जातीत गोष्ट दुसऱ्या जगात उचलून नेलेली असते. मरिसा मेयर यांच्या २०१२च्या ‘सिंडर’मध्ये सिंड्रेला भविष्यातल्या बीजिंगमध्ये यंत्रं दुरुस्त करते आणि तिच्या शरीराचा काही भाग यांत्रिक आहे. विज्ञान प्रदर्शनात रमणाऱ्या मुलांना प्रेमकथेपर्यंत नेणारी ही वाट आहे. फक्त ते मालिकेतलं पहिलं पुस्तक आहे आणि गोष्ट त्यात पूर्ण होत नाही, हे आधी सांगा. पुढचे भाग वाचनालयात नसतील तर मूल तुमच्यावर रागावेल, आणि ते रास्तच आहे.

चौथ्या जातीत नाव आणि मुखपृष्ठच तेवढं परीकथेचं असतं, आत पूर्णपणे मोठ्यांची कादंबरी असते. घोळ होतो तो इथे. सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही २०१५ची कादंबरी सुंदरी आणि राक्षसाच्या गोष्टीवर बेतलेली. सुरुवातीला ती किशोरांसाठी म्हणून विकली गेली, पण तिच्यात उघड शारीरिक प्रसंग आहेत. पुढे प्रकाशकाने ती मोठ्यांसाठीची म्हणून नव्या मुखपृष्ठासह काढली. जुन्या प्रती अजून फिरत आहेत. रील पाहून आलेली मुलं नावानिशी मागतात तेव्हा हा इतिहास तुम्हाला माहीत असला पाहिजे.

आपल्याकडेही चौथी जात आहे, फक्त तिला आपण तसं म्हणत नाही. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) हे महाभारतातल्या कथेचं पुनर्कथनच आहे. खांडेकरांना ज्ञानपीठ मिळालं म्हणून ती तेराव्या वर्षी बक्षीस म्हणून दिली जाते. तो भोगाच्या अतृप्तीवरचा ग्रंथ आहे. अकरावी-बारावीत वाचला तर उमगेल, सातवीत दिला तर मूल तीस पानांवर थांबेल आणि ‘मराठी पुस्तकं कंटाळवाणी असतात’ एवढंच मनाशी ठेवेल.

तपासा: हातातलं पुनर्कथन चारपैकी कुठलं, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर ते अजून सुचवू नका.

४. प्रेम किती, आणि त्याहून महत्त्वाचं, प्रेम कसं

‘किती’ मोजणं सोपं आहे. मी पेन्सिलीने पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ठिपके देते. एक ठिपका: ओढ, लाजणं, पत्रं. दोन: हात हातात, एखादं चुंबन. तीन: शारीरिक जवळीक सूचित, दार बंद होतं आणि प्रकरण संपतं. चार: सगळं वर्णन केलेलं. सातवी-आठवीला एक, फार तर दोन. नववी-दहावीला दोन, आणि मूल जाणतं असेल तर तीन. चार ठिपक्यांचं पुस्तक किशोर-कपाटात नसतंच.

पण मोठी माणसं इथेच थांबतात आणि मुख्य गोष्ट राहून जाते. चुंबन कुठल्या पानावर आहे हे सगळे बघतात. नायक नायिकेचं ‘नाही’ ऐकतो का, हे कुणी बघत नाही. माझ्या मते एका चुंबनापेक्षा, तिच्या घरापर्यंत पाठलाग करणारा, तिचा फोन तपासणारा, रागात हात पिरगाळणारा आणि तरी ‘किती प्रेम करतो बघ’ म्हणून रंगवलेला नायक मुलांना जास्त इजा करतो. आणि तसल्या पुस्तकावर एकच ठिपका पडलेला असू शकतो.

त्यासाठी प्रत्येक प्रेमकथेला हे प्रश्न विचारा:

ती नाही म्हणाली तर तो थांबतो का? तिला तिथून निघून जाता येतं का? तो आयुष्यात आल्यावर तिची मैत्रीण, तिचं शिक्षण, तिची आवड शिल्लक राहते का? मत्सर आणि पाळत यांना पुस्तक प्रेम म्हणतं, की त्यांच्याकडे बोट दाखवतं?

सुंदरी आणि राक्षसाची गोष्ट इथे चांगली कसोटी आहे. ती कैदेची गोष्ट आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण मादाम द ब्युमाँ या फ्रेंच लेखिकेच्या १७५६च्या रूपात राक्षस दर रात्री तिला लग्नाचं विचारतो, ती दर रात्री नाही म्हणते आणि तो ते मान्य करतो. शेवटी तो तिला घरी जाऊ देतो, आणि ती स्वतःच्या मनाने परत येते. पुनर्कथन करणाऱ्याने हा धागा राखला आहे की तोडला, एवढं पाहिलं तरी पुस्तकाचा स्वभाव कळतो.

फुलांच्या मुखपृष्ठाला भुलू नका. कॉलीन हूव्हर यांची ‘इट एंड्स विथ अस’ (२०१६) गुलाबी फुलांमुळे हलकीफुलकी वाटते आणि आठवीतली मुलंही ती मागतात. ती नवऱ्याच्या मारहाणीबद्दलची, मोठ्यांसाठीची कादंबरी आहे. ती मारहाणीला प्रेम म्हणत नाही हे खरं, पण ते पेलायला वाचक मोठा हवा.

मराठीतलं एक उदाहरण थोडं वेगळं आहे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) अनेक घरांत निर्धास्तपणे दिली जाते: इतिहास आहे, संयत भाषा आहे, माधवराव आणि रमाबाईंचं हळुवार नातं आहे. ठिपका एकच. पण शेवटी थेऊरला माधवरावांचा मृत्यू होतो आणि रमाबाई सती जातात. त्या प्रसंगाचं सौंदर्य मुलाच्या मनात तसंच राहून द्यायचं का? माझं म्हणणं, पुस्तक जरूर द्या, पण परत घेताना त्या शेवटाबद्दल विचारा. ‘रमाबाई मागे राहिल्या असत्या तर?’ एवढा एक प्रश्न पुरतो. मी हा प्रश्न विचारायला लागल्यापासून मुलं बराच वेळ काउंटरशी थांबून बोलतात.

सावधान: ठिपक्यांचा अर्थ मुलांना सांगू नका. सांगितलात तर तीन ठिपक्यांची पुस्तकं आधी गायब होतील.

५. पुस्तक हातात घेऊन तपासणं: चाळीस मिनिटांची पद्धत

सगळं सगळ्यांना वाचणं शक्य नसतं, हे मला कळतं. पण मलपृष्ठ वाचून सुचवणं बंद करा. मी एकदा तसं केलं. निळ्या मुखपृष्ठाचं, बुरुज आणि वेलीचं चित्र असलेलं एक इंग्रजी पुनर्कथन सहावीतल्या मुलीला दिलं. चार दिवसांनी तिने ते गुपचूप परतीच्या खोक्यात टाकलं आणि दीड महिना ती आली नाही. मी नंतर वाचलं तेव्हा मधल्या प्रकरणात जबरदस्तीचा प्रसंग सापडला. तिने काय वाचलं, किती कळलं, हे तिला विचारण्याची संधीही मी घालवली होती. तेव्हापासून खालचा क्रम मोडत नाही.

आधी मुखपृष्ठामागचं छापील पान: वयोगट लिहिला आहे का, अनुवाद आहे की संक्षिप्त रूप, मालिकेतला कितवा भाग. मग पहिली वीस पानं सलग, भाषा आणि वेग कळण्यासाठी. मग शेवटचं प्रकरण. शेवट आधी वाचल्याने मजा जाते, पण ती मजा मुलांसाठी राखायची आहे, आपल्यासाठी नाही. त्यानंतर मधलं: पुस्तकाचे तीन भाग करा आणि दुसरा भाग संपतो त्याच्या आगेमागे पंधरा-वीस पानं वाचा. प्रेमकथेत नात्याचं वळण, भांडण आणि जवळीक बहुधा तिथे येते. राहिलेल्या वेळात पानं चाळत संवाद पाहा, नायक चिडल्यावर काय बोलतो ते पाहा.

मराठी अनुवाद असेल तर एक जास्तीची तपासणी. बालवाचकांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांमध्ये कधी कधी घटना कापतात आणि दुवा तुटतो: राजकन्या रागावलेली असते आणि पुढच्या पानावर लग्न. मुलांना हे झटकन जाणवतं. मोठ्याने एक पान वाचून पाहा. जीभ अडखळली तर अनुवाद कच्चा आहे.

६. भाषा आणि जाडी

इथे फार वेळ लागत नाही. साताऱ्यात बरीच मुलं सेमी इंग्रजीची. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि घरची भाषा मराठी. ती इंग्रजी पुस्तक मागतात, कारण मैत्रिणीच्या हातात ते पाहिलेलं असतं, आणि चाळीसाव्या पानावर सोडतात. त्यांना इंग्रजी जरूर द्या, पण पातळ आणि वेगवान. ‘सिंडर’ चारशे पानांच्या आसपास जाते, तेव्हा पहिल्याच वेळी ती नको. पाच बोटांची जुनी युक्ती वापरा: कुठलंही एक पान वाचताना पाच शब्द अडले तर ते पुस्तक सुट्टीसाठी ठेवा.

सहामाही परीक्षेच्या आधी जाड पुस्तक देऊ नका. दिवाळी आणि मे महिना त्यासाठीच आहे.

७. तीन पुस्तकं पुढे ठेवा, दोन वाक्यं बोला

एकच पुस्तक दिलं की ती आज्ञा वाटते. दहा दाखवली तर मूल गोंधळतं. तीन ठेवा: एक मागितलं त्याच्या अगदी जवळचं, एक थोडं सोपं, एक थोडं पुढचं. कुठलं कशासाठी, हे सांगू नका.

प्रत्येकाबद्दल दोनच वाक्यं. पहिल्यात अडचण, दुसऱ्यात प्रश्न. ‘हिला कुणीही काहीही सांगितलं तर करावंच लागतं. मग तिला आवडणाऱ्याने लग्नाचं विचारलं तर?’ इथे थांबा. ‘खूप छान आहे’, ‘मला फार आवडलं’, ‘यातून शिकण्यासारखं आहे’ ही तिन्ही वाक्यं टाळा. तिसऱ्याने तर पुस्तक हातातून खाली ठेवलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नववी-दहावीच्या मराठी वाचकासाठी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) या तिघांत सहज बसते. आणीबाणीच्या काळातली, नववीतल्या मुलाची पहिल्या प्रेमाची गोष्ट. मुलांच्या तोंडची भाषा मोकळी आहे, म्हणून मी ती आठवीच्या खाली देत नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांना जेनी हॅन यांची ‘टू ऑल द बॉईज आय हॅव लव्ह्ड बिफोर’ (२०१४) देते: न पाठवलेली प्रेमपत्रं पोस्टात पडतात आणि पुढे जे होतं त्यात बहिणींचं नातं प्रेमाइतकंच महत्त्वाचं आहे.

चूक: जलपरीचं मूळ रूप सिनेमा आवडलेल्या मुलाला काही न सांगता देणं. शेवट सांगू नका, पण ‘ही सिनेमापेक्षा वेगळी आणि उदास आहे’ एवढं आधी म्हणा. उदास गोष्ट मुलांना चालते, फसवणूक चालत नाही.

८. आईबाबा समोर आले तर

‘ताई, हिला असलं काही देऊ नका हं. आत्ताच डोक्यात शिरायचं.’ हे वाक्य येणारच. वाद घालू नका आणि पुस्तक लपवूही नका. मी त्या वहिनींना खुर्ची देते, पुस्तक उघडून त्यांच्या हातात देते आणि तपासताना मला काय दिसलं ते सरळ सांगते: ‘यात दोघं पत्रं लिहितात, शेवटी लग्न ठरतं. ती त्याला एकदा नाही म्हणते, तेव्हा तो ऐकतो, तो भाग मला फार चांगला वाटला. तुम्ही आधी वाचून द्या, मी परतीची तारीख वाढवून देते.’ तपासणी केलेली असेल तरच हे बोलता येतं. पाचवा टप्पा वगळून आठव्यावर आलात तर इथे तुमच्याकडे शब्द नसतात.

बऱ्याच आया पुस्तक नेतात. काही स्वतःच वाचतात आणि दुसऱ्या भागाची चौकशी करतात. ज्यांनी ठामपणे नको म्हटलं, त्यांच्या मुलीला तसंच पुस्तक मागच्या दाराने देऊ नका. तिला एक ठिपक्याची साहसकथा द्या आणि वहीत नोंद ठेवा. पुढच्या वर्षी आईचं मत बदललेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

सावधान: मुलीने आधी काय काय नेलं, ही यादी तिच्या गैरहजेरीत कुणाला वाचून दाखवू नका.

९. परत आल्यावर

‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी ‘कुठे थांबलीस?’ किंवा ‘कुणाचा राग आला?’ असं विचारा. राग हा चांगला प्रश्न आहे, तो नेमकं पान सांगतो. उत्तर पाचव्या रकान्यात लिहा. पुस्तक अर्धवट परत आलं तर कपाळाला आठ्या नकोत. किती पानांवर सुटलं ते विचारा. तीन मुलांनी एकाच जागी सोडलं असेल तर पुस्तकातच काही आहे, आणि ते पुन्हा चाळायला हवं.

खटकलेल्या प्रसंगाबद्दल मूल स्वतःहून बोललं तर पुस्तक लगेच कपाटातून काढायची घाई करू नका. आधी पूर्ण ऐका. कधी कधी ती गोष्ट पुस्तकातली नसते. तसं वाटलं तर विश्वासातल्या शिक्षिकेशी किंवा समुपदेशकाशी बोलायची वाट दाखवा. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक काउंटरच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

१०. पुस्तकंच कमी असतील तर

‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सर्वांत लहान, ग्रंथालयात किशोरांसाठी एखादंच कपाट असतं, आणि मराठीत किशोरांसाठीची परीकथांची पुनर्कथनं तशीही मोजकीच. खरेदीच्या आधी पुस्तकं पाहायची असतील तर पाचगणीजवळचं भिलार गाठा. मे २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं. तिथे घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत आणि बसून वाचता येतात. मुलांना घेऊन गेलात तर त्यांच्या हातात यादी देऊ नका. कुठल्या घरात कोण जास्त वेळ रमलं ते दुरून पाहा आणि परतीच्या एसटीत वहीत लिहा.

दुसरा उपाय श्रावणात करायचा. शिवामुठीची कहाणी मोठ्याने वाचा आणि मुलांना सांगा, आता हीच गोष्ट नावडतीच्या तोंडून लिहा. किंवा आवडत्या जावेच्या. किंवा त्या नवऱ्याच्या, जो मूळ कहाणीत जवळजवळ काहीच बोलत नाही. पानांची अट नको. शुद्धलेखन नंतर बघू म्हणा आणि खरंच नंतर बघा. ज्यांना काउंटरवर ‘लव्हस्टोरी’ म्हणायला लाज वाटते ती मुलं इथे नवऱ्याला बोलतं करतात, भांडायला लावतात, माफी मागायला लावतात. कुणाला काय हवं आहे हे तुम्हाला दुसऱ्या टप्प्यातल्या प्रश्नांपेक्षाही नीट कळतं.

लिहिलेल्या गोष्टी मुलांच्या परवानगीने एका फाइलमध्ये लावा, तिला दाखल क्रमांक द्या आणि किशोर-कपाटात ठेवा. आमच्याकडे अशा चार फाइली झाल्या आहेत. इतर पुस्तकांसारखीच त्यांची देवघेव होते आणि परतीची मुदत तीच, पंधरा दिवस.